घर कुणाच्या नावावर आहे? (छोटे सिनेमे, घर आणि घरची माणसं)

पेवातली हळद (सांगली)

मोठ्या बॅनरच्या कौटुंबिक सिनेमात घर आधीपासून असतंच. वाडा, तुळस, झोपाळा, भिंतीवर हार घातलेले आजोबा. भांडतात ती माणसं, आणि शेवटी सगळी त्याच दिवाणखान्यात येऊन एकमेकांच्या गळ्यात पडतात. तो दिवाणखाना कुणाचा, घरपट्टी कोण भरतं, वाटणी झाली की नाही, हे कुणी विचारत नाही. थोडक्या पैशात, स्वतःच्या हट्टावर काढलेल्या सिनेमांत मला उलटं दिसतं. तिथं पहिला प्रश्नच घराचा असतो, आणि बऱ्याचदा तो थेट कागदाचा असतो.

पायल कपाडियाचा 'ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट' घ्या. २०२४ साली कानच्या महोत्सवात ग्राँ प्री मिळालं तेव्हा सगळीकडं त्यातल्या दोन मल्याळी नर्सांबद्दल लिहून आलं. माझ्या डोक्यातून मात्र छाया कदमची पार्वती जात नाही. हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात कामाला आहे. नवरा गेलेला. ज्या खोलीत संसार केला तिथं आपण राहतो हे सिद्ध करणारा एक कागद तिच्याकडं नाही आणि बिल्डर दारात येऊन उभा. नवऱ्यानं कागदपत्रांचं काही सांगितलंच नसणार, आपल्याकडं कुठला नवरा सांगतो? ती रडत बसत नाही. मैत्रिणीबरोबर बिल्डरच्या होर्डिंगवर दगड मारते आणि मग रत्नागिरीकडं आपल्या गावी निघून जाते.

दगडावरून अर्थातच 'फँड्री' (२०१३). शेवटी जब्या भिरकावतो तो दगड सगळ्यांना पाठ आहे, त्यावर आता नवं काही बोलू नये. मी म्हणतोय ते ह्या दलित पोराच्या घराबद्दल. घर गावाच्या कडेला आहे. गावातलं कुणी त्या घरात येत नाही, काम सांगायचं तर त्याच्या बापाला, कचरूला, बाहेरूनच हाक. डुक्कर पकडायला अख्खं कुटुंब गावासमोर उतरतं तेव्हा कळतं, की ह्यांना घर आहे पण गाव नाही.

आणि 'किल्ला' (२०१४). वडील वारलेत, आईची सरकारी नोकरी, बदली कोकणात. मुलाला, चिन्मयला, तिथं करमायला लागतं न लागतं तोवर पुढची बदली. सरकारी नोकरांची मुलं हा सिनेमा बघताना गप्प का होतात ते ज्यांनी ट्रंका भरल्यात त्यांना विचारा.

तुमच्या लक्षात राहिलेलं घर कोणतं? सिनेमा मराठीच हवा असं नाही. आणि आपल्याकडची मंडळी स्वतःच्या घराबद्दल बोलली तरी चालेल. धागा भरकटला तर भरकटू दे.

कंदी पेढा (सातारा)

पहिला मी. पोच देऊन ठेवतो, सविस्तर रात्री.

बुचाचं झाड (मिरज)

वाचतेय. 'किल्ला'बद्दल एक गोष्ट राहिली. दिग्दर्शक अविनाश अरुण मुळात कॅमेरामन, आणि ह्या सिनेमाचा कॅमेराही त्यानंच केलाय. म्हणून असेल, त्या घरातला पाऊस नुसता सुंदर दिसत नाही, भिंतीला ओल आल्यासारखा दिसतो. आई झालेली अमृता सुभाष ऑफिसातून येऊन पर्स ठेवते आणि क्षणभर तशीच उभी राहते. नवीन गावात एकट्या बाईला घर म्हणजे दार लावून घ्यायची जागा, एवढंच. मुलाला ते कळत नाही, त्याला वाटतं आई आपल्याशी बोलत नाही. बर्लिनच्या महोत्सवात मुलांच्या ज्यूरीनं ह्या सिनेमाला क्रिस्टल बेअर दिलं होतं. मुलांनी दिलं म्हणून मला जास्त कौतुक.

उंबरा (फलटण)

विषय चांगला, पण मला ह्या सगळ्या प्रकाराचा थोडा कंटाळा आलाय, स्पष्ट बोलतो. गळकं छप्पर, चूल, लांबून ठेवलेला कॅमेरा, कुणी बोलत नाही, दोन तास. परदेशातल्या फेस्टिवलवाल्यांना आपलं दारिद्र्य आवडतं, हे उघड आहे. आमच्या फलटणमध्ये काय बंगले नाहीत? त्या बंगल्यांतली माणसं घर शोधत नाहीत?

पेवातली हळद

उंबरासाहेब, 'कोर्ट' बघितलाय का? चैतन्य ताम्हाणेचा, २०१४चा. उत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालेला. त्यात कॅमेरा कोर्टातून उठून वकिलांच्या घरी जातो. सरकारी वकीलबाई मुलाला घेऊन घरी येते, स्वयंपाकाला लागते, सुट्टीच्या दिवशी सगळे मिळून नाटकाला जातात. तुमच्या-माझ्या घरासारखं घर. बचावाचा वकील पैसेवाल्या गुजराती घरातला, आईवडील लग्नावरून मागं लागलेत. दारिद्र्य कुठंय ह्यात? आणि ज्याच्यावर खटला चाललाय त्या शाहीर नारायण कांबळेचं घर सुरुवातीला मुलांना शिकवताना दिसतं तेवढंच. ज्यांना घर आहे ते न्याय करतायत, ज्याचं घर आपण नीट बघितलंही नाही तो आत बसलाय. हे दारिद्र्य विकणं नाही, हा हिशोब मांडणं आहे.

उंबरा

'कोर्ट' बघितलाय. चांगला आहे. तो अपवाद.

कंदी पेढा

'द डिसायपल' पण अपवाद? आजीबरोबर राहणारा गाणारा मुलगा, मुंबईतला, मध्यमवर्गी. तुमचे अपवाद वाढत चाललेत साहेब.

बरं, मी रात्री लिहितो म्हणालो होतो. आमच्या वाईचं सांगतो. मेणवलीचा नाना फडणवीसांचा वाडा आणि घाट अख्ख्या देशानं बघितलाय, पण मेणवली म्हणून नाही. 'स्वदेस'मध्ये ते चरणपूर होतं, उत्तर प्रदेशातलं. 'गंगाजल'मध्ये आमचा भाग बिहार झाला. 'दबंग'ला पुन्हा यूपी. कृष्णेच्या घाटावर आमच्या आत्या धुणं धुवायच्या त्या पायऱ्यांवर हिंदी बोलणारी पोरं पळताना बघून आजी म्हणायची, "ही कुठली गं पोरं आपल्या घाटावर?"

'स्वदेस' काही छोटा सिनेमा नाही, माहितीये. पण गोष्ट तीच की. लहानपणी सांभाळलेल्या बाईला शोधत अमेरिकेतून माणूस येतो. ती आईही नाही, नातेवाईकही नाही. घर कुठंय असं विचारलं तर तो तिच्याकडं बोट दाखवेल. फरक एवढाच, की मोठ्या सिनेमात शोधलं की सापडतं.

नीरा नदी (लोणंद)

'मोठ्या सिनेमात शोधलं की सापडतं' याला +१

गलाईवाला (मूळ खानापूर तालुका, सध्या कोइमतूर)

नमस्कार मंडळी. मी सहसा वाचून निघून जातो, आज लिहितो.

हळदसाहेबांचं कागदाचं म्हणणं मला अर्धंच पटतंय. आमच्याकडं कागद सगळा आहे. विटा, खानापूर, आटपाडी ह्या भागातली माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर पसरलीत हे तुम्हाला माहीत असेलच. केरळ, तमिळनाडूपासून आसामपर्यंत कुठल्याही सराफकट्ट्याच्या बोळात जा, आमचा माणूस भट्टी लावून बसलेला दिसेल. वडील पोरसवदा असताना चुलत्याच्या हाताखाली गेले, मग स्वतःची भट्टी टाकली. पैसा आला तसं गावात घर बांधलं. दोन मजली, ग्रॅनाइटची पायरी, वर टाकीला कमळाचा आकार. ग्रामपंचायतीचा उतारा वडलांच्या नावावर. वर्षभर कुलूप. यात्रेला आठवडाभर उघडतं, तेव्हा पहिले दोन दिवस कबुतरांची घाण काढण्यात जातात.

मी 'मिनारी' बघितला तो पोरांबरोबर. कोरियन कुटुंब अमेरिकेत अर्कान्सासला शेती करायला जातं, घर कसलं तर चाकांवरचं. बायको ते बघून जी हबकते ते बघून आमची मंडळी माझ्याकडं बघून हसली, कारण कोइमतुरातली आमची पहिली खोली. मग आजी येते कोरियाहून, तिखटाची पूड न् सुकी मासळी घेऊन. नातू म्हणतो, हिला कोरियाचा वास येतो. माझ्या धाकट्यानं यात्रेत माझ्या आईबद्दल हेच म्हटलं होतं, तमिळमध्ये. आईला कळलं नाही, बरं झालं.

तर कागद आहे. कागदानं घर होत नाही.

बुचाचं झाड

गलाईवाले दादा, लिहीत जा हो.

माणदेशी (दहिवडी)

गलाईवाल्यांच्या पोस्टीला दंडवत. आमच्या माण-खटावचं तसंच, फक्त पैसा वजा करा. आमची माणसं मुंबईला माथाडी कामगार म्हणून गेली. एका खोलीत दहा-बारा गडी, पाळीपाळीनं झोपायची. गावाकडं मनिऑर्डर. त्यांना विचारलं घर कुठं, तर कुणीबी मशीद बंदर सांगायचं नाही, म्हसवड सांगायचं, जिथं वर्षात दोनदा यायचं.

आता एक वेगळं सांगतो, छोट्या सिनेमात बसतंय का बघा. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर आहे. औंध संस्थानच्या राजेसाहेबांनी १९३९ला तिथं कैद्यांची खुली वसाहत काढली. भिंत नाही, बेड्या नाहीत, शेती करायची. मॉरिस फ्रिडमन नावाचा पोलंडचा इंजिनिअर त्यामागं होता, गांधीवाला माणूस. व्ही. शांतारामबापूंचा 'दो आँखें बारह हाथ' (१९५७) ह्याच प्रयोगावरनं सुचला. सिनेमात सहा खुनी कैदी आणि एक जेलर उजाड माळावर जाऊन राहतात. मला त्यातली खरी गंमत प्रत्यक्षातल्या वसाहतीची वाटते: तिथं कैद्याला बायको-पोरं घेऊन राहता येतं. म्हणजे ज्याच्यावर कुणाचा विश्वास नाही त्याला सरकार म्हणतंय, घर मांड, मग तू पळणार नाहीस. पळायला कुंपणच नाही तिथं, संसारच कुंपण.

उंबरा

शांतारामबापू म्हणजे राजकमल स्टुडिओचे मालक. त्यांना स्वतंत्र सिनेमावाले म्हणायचं म्हणजे जरा जास्तच होतंय.

माणदेशी

मालक होते म्हणून तर स्वतंत्र होते की साहेब. दुसऱ्याचं ऐकावं लागत नव्हतं. असो, विषय घराचा आहे.

कोयनाकाठची सून (सध्या सांगली जिल्हा)

हे सगळं वाचून लिहायचं धाडस करते. माझं सासर मूळचं कोयनेच्या खोऱ्यातलं. धरण झालं, गाव शिवसागराच्या पोटात गेलं, आणि सासऱ्यांच्या लहानपणीच सगळ्यांना इकडं आणून बसवलं. आमच्या वस्तीला कागदावर जुन्या गावाचंच नाव आहे, पण शेजारच्या गावची माणसं अजून 'पुनर्वसन'च म्हणतात. "पुनर्वसनातल्या वहिनी" म्हणजे मी.

हळदभाऊ, कागदाचं तुम्ही बोललात ते माझ्या घरात रोज बोललं जातं. धरणग्रस्त दाखला कुणाच्या नावावर, कुठल्या भावाला प्लॉट मिळाला, कुणाचा राहिला. सासरे गेले तेव्हा त्यांच्या उशाखाली प्लॅस्टिकच्या पिशवीत दाखल्याची झेरॉक्स होती. झेरॉक्स. मूळ प्रत थोरल्या दिरांकडं.

माझी सिनेमावाल्यांकडं एकच तक्रार आहे. विस्थापितांवरचा कुठलाही सिनेमा घ्या, तो गाव सोडतानाच्या बैलगाडीवर संपतो. बाई मागं वळून बघते, संगीत. पण खरी गोष्ट तिथून पुढं सुरू होते ना? डोंगरातल्या माणसाला काळ्या रानात आणून टाकलं. नाचणी-वरी करणारे हात, त्यांना ऊस माहीत नाही. कायद्यात लिहिलेल्या अठरा नागरी सुविधा मोजत सासऱ्यांचं आयुष्य गेलं; स्मशानभूमी आली तेव्हा ते फार हसले होते, "चला, एक तर मिळाली." दुसऱ्या घरावर कुणी सिनेमा काढत नाही. पहिलं गेलेलं घर सगळ्यांना हवं असतं.

उन्हाळ्यात पाणी उतरलं की आमच्यातली म्हातारी माणसं लाँचनं पलीकडं जातात. घराचं जोतं दाखवतात. पोरांना मोबाइलला रेंज नाही ह्याचंच जास्त.

कंदी पेढा

ताई, हा प्रतिसाद स्वतंत्र लेख व्हायला हवा.

ढवळी (वाळवा)

सहमत. आणि चांदोलीकडच्या लोकांचं पण असंच आहे. आधी धरण, मग अभयारण्य. दोनदा उठले.

पारिजात (सांगली, विश्रामबाग)

कोयनाकाठच्या ताईंच्या मुद्द्यावर: गाव सोडतानाची बैलगाडी म्हटलं की 'पथेर पांचाली' (१९५५). पण सत्यजित रायसाहेबांनी ती बैलगाडी फुकट मिळवलेली नाही. त्याआधी तासभर आपण इंदिर ठाकरुण बघितलेली असते. घरधनी हरिहरची दूरची, म्हातारी बहीण. वाकलेली, तोंडात दात नाहीत, एक गाठोडं न् एक फाटकी शाल. घरातली बाई चिडली की ती गाठोडं उचलते, दुसऱ्या नातेवाइकाकडं जाते, तिथं कंटाळले की परत येते. शेवटी एकदा परत येते आणि हरिहरची बायको सर्वजया तिला ठेवून घेत नाही. म्हातारी बांबूच्या बनात मरते. चुनीबाला देवींनी ती केलीय, आणि मी आजवर बघितलेल्या कुठल्याही म्हातारपणापेक्षा ते खरं आहे.

गंमत बघा, सर्वजया काही दुष्ट नाही. तिच्याच घरात खायला नाही. गरीब बाई आपल्याहून गरीब बाईला हाकलते. आणि पुढं तेच घर तिलाही सोडावं लागतं, आणि रिकाम्या घरात साप शिरतो.

मला हळदरावांचा कागद थोडा बाजूला सरकवावासा वाटतो. इंदिर ठाकरुणला कागद असता तरी काय केलं असतं तिनं? प्रश्न असा आहे, की त्या उंबऱ्यावर उभं राहून "निघ" म्हणायचा हक्क कुणाकडं आहे. पार्वतीच्या बाबतीत बिल्डरकडं. 'किल्ला'त सरकारी आदेशाकडं. 'फँड्री'त गावाकडं, ते रोज म्हणत नाही, पण म्हणू शकतं हे कचरूला माहीत आहे, म्हणून तो वाकून बोलतो. ह्या छोट्या सिनेमांचं घर मला तरी असंच दिसतं. छत कसं आहे त्यापेक्षा, तुम्हाला घालवायला कोण येऊ शकतं.

पेवातली हळद

पारिजातताई, हे माझ्यापेक्षा चांगलं मांडलंत. कागद हा त्या हक्काचाच एक तुकडा झाला मग.

सांगलीकर म्हणून एक भर घालतो. आमच्याकडं "निघ" नदी म्हणते. आयर्विन पुलापाशी ४५ फूट झाले की धोक्याची पातळी. २०१९च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. ज्यांच्या नावावर तीन पिढ्यांचं घर, तेही पोत्यात कपडे भरून नातेवाइकांच्या हॉलमध्ये. तिसऱ्या दिवसापासून वहिनीचा आवाज कसा बदलतो ते त्या आठवड्यात अर्ध्या सांगलीनं ऐकलंय. सर्वजया कुणाच्याही घरात निघते. ह्यावर सिनेमा निघाला तर मी पहिल्या दिवशी तिकीट काढीन, अट एकच, हेलिकॉप्टरमधून काढलेलं पाणी दाखवू नका. तो हॉल दाखवा.

गलाईवाला

पारिजातताई, मला कुणी निघ म्हणत नाही. कुणी ये पण म्हणत नाही. ह्याला काय म्हणायचं?

पारिजात

दादा, ह्याचं उत्तर माझ्याकडं नाही. 'साबर बोंडं' बघा, मिळाला तर.

नाव नको (मूळ कराड, सध्या पुणे)

'साबर बोंडं'चा विषय निघालाच आहे तर. हे नाव आजच घेतलंय, जुन्या आयडीनं लिहायची छाती होत नाही.

रोहन कानवडेचा हा सिनेमा. जानेवारी २०२५मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात जागतिक विभागातलं मोठं ज्यूरी पारितोषिक मिळालं, सप्टेंबरमध्ये आपल्याकडं लागला. मुंबईत राहणारा आनंद वडील गेल्यावर आईबरोबर गावी येतो, दहा दिवस सुतकात. भावकी जमलेली. आणि दुःखाच्या त्या गर्दीतही प्रत्येकजण विचारतोय, लग्न कधी? आनंदला बायको नको आहे. गावात बालपणीचा मित्र आहे, बाळ्या. पुढचं बघाच.

मला हलवून गेली ती आई. तिला माहीत आहे. सिनेमाच्या सुरुवातीपासून माहीत आहे. त्यामुळं आपल्याकडं अशा गोष्टीत जो एक मोठा प्रसंग असतो, मुलगा सांगतो, ताटं फुटतात, बाप छातीला हात लावतो, तो इथं नाहीच. ते सगळं आधीच कधीतरी होऊन गेलंय, शांतपणे. आता मायलेक मिळून भावकीला तोंड देतायत. भावकीला काय सांगायचं ह्याची त्यांची जुळवाजुळव बघताना मला घरातल्या घरात हसू आलं.

माझं सांगतो. शेतात माझा वाटा आहे, सातबाऱ्यावर नाव आहे. मला कुणी निघ म्हणणार नाही. पण माझ्याबरोबर जो राहतो तो कराडला आला की 'रूममेट' असतो. आई त्याला आवर्जून वाढते, निघताना चटणीचा डबा त्याच्याही पिशवीत टाकते. त्याच्या आईची तब्येत विचारते. एक प्रश्न मात्र ती कधी विचारत नाही, आणि मीही उत्तर देत नाही. घर आहे, फक्त त्यात आम्ही दोघं एकावेळी मावत नाही.

कंदी पेढा

भावा, लिहिलंस ते बरं केलंस. पुण्यात आहेस तर कधी साताऱ्याला उतर, दोघंही या.

कोयनाकाठची सून

दादा, तुमच्या आईला माहीत असणार. चटणीचा डबा उगाच नाही पडत पिशवीत.

नाव नको

ताई, मलाही तसंच वाटतं. विचारायची भीती वाटते, एवढंच.

संपादक

वरच्या चर्चेतला एक प्रतिसाद काढला आहे. संबंधित सदस्याला व्यक्तिगत निरोप पाठवला आहे. चर्चा चालू राहू द्या.

माणदेशी

सिनेमाच्या नावाबद्दल जरा हलकं. साबर म्हणजे फड्या निवडुंग, त्याची बोंडं आम्ही पोरं रानात खायचो. बारीक कुसळं हातात शिरतात, आधी मातीत घोळसून काढावी लागतात. घरी आल्यावर तोंड लालभडक, आईला लगेच कळायचं कुठं होतो. दुष्काळात दुसरं फळ कसलं मिळणार. दिग्दर्शक नक्की रानात हिंडलेला माणूस आहे.

फळा-खडू (जि. प. शाळा, वाळवा तालुका)

मी शिक्षक. उशिरा आलो, पण माझ्या शाळेचं सांगितल्याशिवाय राहवत नाही.

दिवाळी झाली की आमच्या पट्ट्यात ऊसतोड टोळ्या उतरतात. बीडकडच्या असतात, आपल्या जतमधल्याही असतात. फडाच्या कडेला कोप्या पडतात. बांबू, पाचट, वरून ताडपत्री. नवरा-बायको मिळून एक 'कोयता', मुकादमाकडून उचल घेतलेली, ती फिटेपर्यंत सुटका नाही. पोरं शाळेत येतात, तीही नेमानं नाही, कारण धाकटं भावंड सांभाळायला कोपीत कुणी लागतं. हंगाम संपला की एका रात्रीत कोप्या उठतात. सकाळी हजेरीला नावं घेतली की गप्प.

नाव दाखल करताना पत्त्याचा रकाना असतो. एका पोरीनं मला फडाच्या मालकाचं नाव सांगितलं. दुसऱ्यानं साखर कारखान्याचं. एकानं ट्रॅक्टरचा नंबर सांगितला, अगदी बरोबर, पाठ होता त्याला.

कोरे-एदा ह्या जपानी दिग्दर्शकाचा 'शॉपलिफ्टर्स' (२०१८, कानचं पाम द'ओर) बघताना मला हीच पोरं दिसत होती. एका म्हातारीच्या बारक्या घरात पाच-सहा माणसं दाटीवाटीनं राहतात, म्हातारीच्या पेन्शनवर आणि दुकानातल्या उचलेगिरीवर. हळूहळू कळतं, की ह्यातलं कुणी कुणाचं रक्ताचं नाही. घरात मार खाणारी एक चिमुरडी त्यांना सापडली, तिला त्यांनी घरी आणलं, जेवू घातलं, ठेवून घेतलं. कायद्याच्या भाषेत अपहरण. आणि शेवटी सरकार येऊन सगळ्यांना आपापल्या 'खऱ्या' घरी लावून देतं. त्या पोरीचं खरं घर कोणतं, ते बघणाऱ्याला ठाऊक असतं, सरकारला नाही.

आपल्याकडं 'नाळ' (२०१८) ह्याच प्रश्नाभोवती फिरतो, फक्त पोराच्या उंचीवरून. आपली आई सख्खी नाही हे कळल्यावर चैत्या तिच्याकडं वेगळ्या नजरेनं बघायला लागतो. ती मात्र तीच आहे. आणि 'रिंगण'मध्ये तर आई देवाघरी गेली म्हटल्यावर पोरगं पंढरपुरात तिला खरोखर शोधतं. देवाचं घर पंढरपूर, मग आई इथंच असणार. पोरांचा हिशोब चोख असतो. बाप कर्जात बुडालेला, त्याला हा हिशोब कसा मोडायचा ते कळत नाही.

बुचाचं झाड

गुरुजी, ट्रॅक्टरच्या नंबरवर अडकून बसलेय.

उंबरा

गुरुजींचा प्रतिसाद वाचला. माझा मूळ आक्षेप मागं घेत नाही, तरी एक मान्य: कोपीवर सिनेमा निघाला आणि तो परदेशात गाजला तर मी दारिद्र्य विकलं म्हणणार नाही. पण तो आधी त्या फडात दाखवला गेला पाहिजे. हे सिनेमे ज्यांच्याबद्दल असतात त्यांच्यापर्यंत पोचतच नाहीत, हे दुखणं आहे. आमच्या इथं 'साबर बोंडं' लागलाच नाही.

नीरा नदी

सांगलीत तरी कुठं टिकतात? मराठी नाटकाचं माहेर म्हणायचं, १८४३ला विष्णुदास भाव्यांनी इथं 'सीतास्वयंवर' केलं म्हणून दरवर्षी भाषणं ठोकायची, आणि मराठी सिनेमाला दुपारी पावणेबाराचा एक खेळ.

फळा-खडू

उंबरासाहेब, मग करूया का? माझ्या शाळेत प्रोजेक्टर आहे, पडद्याला धोतर चालेल. जानेवारीत टोळ्या इथंच असतात. रविवारी कारखान्याला सुट्टी नसते, त्यामुळं संध्याकाळी, तोड उरकल्यावर. रीतसर परवानगी काढावी लागेल, कुणाला निर्मात्यांपर्यंत पोचता येत असेल तर सांगा.

पेवातली हळद

मी पत्रव्यवहार बघतो. कुठला दाखवायचा?

माणदेशी

'किल्ला'. पोरांना आवडंल.

कोयनाकाठची सून

'नाळ' दाखवा. दिवसभर कोयता चालवून आलेली बाई पावसाची शांतता बघत बसणार नाही, झोपेल.

फळा-खडू

ताईंशी सहमत. आणि दोन तासांच्या आत संपायला हवा, पहाटे गाडी भरायची असते त्यांना.

गलाईवाला

चहा-बिस्किटाचा खर्च माझ्याकडं. माणसं किती असतील अंदाजे?

फळा-खडू

पोरं धरून दोनशेच्या घरात. बिस्किटं जरा जास्तच धरा, पोरं खिशात घालून नेतात.